दुसऱ्याची डबी

शिरटेवाडीच्या जोतीराम वस्तादांची पाठ आयुष्यात कधी मातीला लागली नाही, असं गावात सांगतात. ते काही खरं नाही. दोनदा लागली होती, आणि दोन्ही वेळा ती पाठ त्यांच्या बायकोनं, मालननं, विटेनं शेकली होती. पण नवऱ्याच्या नावाला चिकटलेली चांगली गोष्ट बायकोनं कशाला खरवडून काढायची? गाव म्हणतंय तर म्हणू दे.

आता मात्र वस्तादांना कुणीतरी असं धरलं होतं, की डाव कुठून बसला तेच उमगत नव्हतं. सुरुवात सांध्यांपासून झाली. दुखणं आज गुडघ्यात, तर चार दिवसांनी मनगटात. भाडेकरूनं खोल्या बदलाव्यात तसं अंगभर फिरायचं. अशी काही वर्षं गेली. मग शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी संधिवात ठरवला. शरीराचे रखवालदारच घरच्या सांध्यांवर तुटून पडलेत, तेव्हा त्यांना जरा झोपवू, असं म्हणून त्यांनी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं चालू केली. निदान वेडगळ नव्हतं. असं दुखणं घेऊन येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ते लागू पडलं असतं. वस्ताद दहावे निघाले. सांधे कुरकुरत राहिले आणि वर पोट बिघडलं. खाल्लेलं अंगी लागेना. एके काळी ज्यांच्या छातीवर पोरं उड्या मारत, त्यांचा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसू लागला.

पैलवान वाळला की खुराक वाढवायचा, ही तालमीची पहिली अक्कल. मालन त्या अकलेची मुख्य कारभारीण. तिनं बदाम रगडून थंडाई केली, भाकरीवर तूप थापलं, पायांचं सूप रटरटवलं. जेवढं घालावं तेवढं त्यांचं पोट जास्त बिघडायचं. तूप जसं जायचं तसंच बाहेर यायचं. वस्ताद तिच्यासाठी खायचे, ती त्यांच्यासाठी रांधायची, आणि दोघंही मनातून भेदरलेली होती. गावाचं तोंड तर कोण धरणार? कुणी क्षय म्हणालं, कुणी बाहेरचं म्हणालं, कुणी आवाज खाली करून मोठ्या रोगाचं नाव घेतलं. शहरातल्या डॉक्टरांनी आता आणखी जोरकस इंजेक्शन काढलं होतं. ते येत्या सोमवारी टोचायचं ठरलं होतं.

त्याच सुमारास तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ते नवं यंत्र आलं. दिसायला घरगुती पिठाच्या गिरणीएवढं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. लोकांनी 'चाळणी' ठेवलं, आणि नाव ठेवण्यात लोक सहसा चुकत नाहीत. प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याची स्वतःची लिखावट असते. माणसाची वेगळी, मुंगीची वेगळी, डोळ्याला न दिसणाऱ्या जंतूचीही वेगळी. थुंकीच्या एका थेंबात असल्या लिखावटीचे लाखो फाटके तुकडे तरंगत असतात. पूर्वीच्या तपासणीत जंतूचं नाव आधी डॉक्टरला सुचावं लागे. क्षयाचा आहे का, असं विचारलं की 'नाही' असं उत्तर यायचं, आणि जो होता तो गप्प बसून राहायचा, कारण त्याचं नाव कुणी पुकारलेलंच नसायचं. चाळणीला काही विचारावं लागत नसे. ती सगळे तुकडे वाचायची, जगातल्या माहीत असलेल्या जंतूंशी ताडून बघायची आणि कोण कोण हजर आहे ते सांगून टाकायची.

एकच गोष्ट तिला मना होती. काही वर्षांपूर्वी लोकांच्या आनुवंशिकतेची माहिती विमा कंपन्यांच्या हाती लागली आणि देशभर गदारोळ झाला. तेव्हापासून कायदाच झाला, की माणसाचा तुकडा ओळखू आला की तो पुढं न वाचता पुसून टाकायचा. त्यामुळं डबीत काय काय आहे ते चाळणीला सगळं कळे. डबी कुणाची आहे, तेवढं मात्र कळत नसे.

डॉक्टर नसरीन मुजावर त्या दवाखान्यात नुकत्याच आल्या होत्या. त्यांचे वडील वस्तादांच्याच हाताखाली तयार झालेले, त्यामुळं त्या वस्तादांना काका म्हणत आणि खुशाल दटावत.

"काका, आधी सांधे धरले का आधी पोट?"

"आधी सांधं. लई वर्सं झाली."

"आणि पोट? इंजेक्शनं सुरू झाल्यावर?"

वस्तादांनी बायकोकडं बघितलं. "व्हय," मालन म्हणाली, "त्याच्या म्होरल्याच वर्षी."

नसरीननं ते कागदावर टिपून घेतलं. मग निळ्या झाकणाची एक डबी काढून त्यांनी वस्तादांच्या पुढ्यात ठेवली. उद्या सकाळची शी यात आणून द्या, म्हणाल्या, आणि मी सांगेपर्यंत सोमवारचा विचार करू नका. वस्तादांनी डबी दोन बोटांत अशी उचलली, की जणू तीच त्यांना चावणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षद माने ती डबी घेऊन तालुक्याला गेला. हर्षद तालमीचा सध्याचा हुकमी पैलवान. राहायला तालमीत, जेवायला मालनच्या चुलीपाशी. वस्तादांची सगळी कामं तोच करायचा, त्यामुळं यात मालनला काही वावगं वाटलं नाही.

दोन दिवसांनी नसरीनचा फोन आला. ताबडतोब या म्हणाल्या. मालन मळलेलं पीठ तसंच टाकून निघाली, पण तिथं पोचल्यावर बघते तर बाई हसत होत्या.

"काका, एक गडी सापडलाय. ट्रोफेरीमा व्हिपली. नाव विसरलात तरी चालेल, मीही कॉलेजात परीक्षेपुरतंच पाठ केलं होतं. मातीत राहतो, सांडपाण्यात राहतो. पुष्कळ माणसांच्या पोटात येतो आणि काही न करता जातो. लाखात एखाद्यालाच धरतो. पण धरलं की लहान आतड्याच्या अस्तरात जाऊन बसतो, मग खाल्लेलं तूपतेल रक्तात शिरतच नाही. सांध्यांत पण जातो, आणि कधी कधी तर पोटाच्या कितीतरी वर्षं आधी."

"आधी सांधं," मालन पुटपुटली.

"तेच तर. म्हणून मला शंका होती. हा एवढा चिवट, की प्रयोगशाळेत वाढवायलाच शास्त्रज्ञांना जवळजवळ शंभर वर्षं लागली. पण मरायला सोपा. दोन आठवडे शिरेतून औषध, मग वर्षभर गोळ्या. फक्त त्याआधी तोंडातून बारीक नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढावा लागेल. शीमध्ये दिसला म्हणजे आजार त्यानंच केला, असं होत नाही. तो भिंतीत घुसलाय का ते बघायला पाहिजे."

मालनला वाटलं, तिथल्या तिथं या पोरीची अलाबला घ्यावी. तिनं आनंदानं नवऱ्याकडं बघितलं, तर वस्तादांचं तोंड राखेसारखं झालेलं.

"नळी नगं," ते म्हणाले. "सोमवारचं विंजेक्शान ठरलंय. त्येच घेतो."

"काका, अहो तेच तर घ्यायचं नाही."

वस्ताद उठले आणि चालू लागले. गावात पोचल्यावर घरी न येता रस्त्यातूनच तालमीत शिरले. ही त्यांची जुनी चाल. ज्या गोष्टीवर बायकोशी बोलायचं नसेल ती घेऊन ते तालमीत जाऊन बसत, कारण तिथं बायकांनी पाऊल टाकायचं नाही अशी पहिल्यापासूनची रीत होती. पोरींची कुस्ती आता गावोगावी होती, शिरटेवाडीतही गादीचा वेगळा हॉल होता. पण लाल मातीच्या हौद्याचा उंबरा अजून कुणा बाईनं ओलांडला नव्हता. इतकी वर्षं या तालमीला रांधून घालणाऱ्या मालननंही नाही.

त्या संध्याकाळी हर्षदनं अर्धी भाकरी पानात टाकली. मालननं ते लगेच हेरलं. या पोरानं ताप असतानाही कधी पान टाकलं नव्हतं.

"काय झालं रं?"

"काय न्हाई, काकी."

"काय न्हाई तर खा."

हर्षदनं ताट बाजूला सारलं. दंडाचे गोळे भोपळ्याएवढे, आणि ओठ लहान पोरासारखे थरथरायला लागले. "काकी, त्यो जंतू माजा हाय."

"काय बोलतोस?"

"त्या डबीत वस्तादांचं नव्हतं. माजं हुतं. वस्ताद म्हणालं, तूच भर आन् दिऊन यी, कुनाला बोलू नगं. आता तुमीच सांगितलं, डाक्टरीनबाई म्हणत्यात त्यो रोग हाय. काकी, मीबी वस्तादांसारका वाळत जाणार का वो?"

कुस्तीच्या दुनियेत ही चाल नवी नव्हती. स्पर्धेआधी उत्तेजक औषधांची तपासणी असली, की कुणीकुणी दुसऱ्याच्या लघवीची बाटली पुढं सारायचं, हे मालननं ऐकलं होतं. असल्यांची नावं काढली की वस्ताद थुंकायचे. आणि आता त्यांनी स्वतःच. मालनला आधी राग आला, असा की हातातलं उलथनं फेकावं. मग राग ओसरला आणि त्याच्याखालून भीती वर आली. डबी दुसऱ्याची, म्हणजे यांच्या पोटात काय आहे ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. ज्या निदानावर तिनं दिवसभर मनातल्या मनात साखर वाटली होती, ते निदान यांचं नव्हतंच.

भांडी घासता घासता ती विचार करत राहिली. डॉक्टरला सांगावं, तर ज्या पोरीचा बाप वस्तादांच्या पाया पडतो तिच्यापुढं वस्तादांची लबाडी उघडी करायची. न सांगावं, तर सोमवार येणार. वस्तादांची अब्रू तिनं जन्मभर सांभाळली होती. पण अब्रू सांभाळून माणूस हातचा गेला, तर त्या अब्रूचं काय लोणचं घालायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हर्षदला गाडी काढायला सांगितली.

सगळं ऐकून नसरीन आधी मोठ्यानं हसल्या. मग मालनचं तोंड बघून थांबल्या. "माफ करा काकू. पण मशीन खोटं बोललं नाही. तुम्ही लोक बोललात."

त्यांनी हर्षदला उभा-आडवा तपासला. सांधे, पोट, वजन, भूक. "तुला काहीही झालेलं नाही. मातीत लोळता, ती नाकातोंडात जाते, तिच्याबरोबर हाही जातो. तुझ्या तालमीतली सगळी पोरं तपासली तर आणखी कितीतरी जणांकडं निघेल. तुझे रखवालदार जागे आहेत, ते त्याला हाकलतील. घरी जा आणि पोटभर जेव."

हर्षदनं एवढा मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले.

"आन् ह्यांचं?" मालननं विचारलं.

नसरीनचा आवाज बदलला. "काकू, तीच माती काकांनी जन्मभर अंगाखांद्याला लावलीय. त्यात आम्ही डॉक्टरांनी औषध देऊन त्यांचे रखवालदार झोपवले. माझी शंका कमी नाही झाली, उलट वाढली. पण शंका म्हणजे निदान नव्हे. मला त्यांच्याच आतड्याचा तुकडा पाहिजे. आणि आतमध्ये खरंच हा असेल, आणि त्यावर सोमवारी ते जोरकस इंजेक्शन टोचलं, तर मग त्याला अडवणारं कुणीच राहणार नाही." मालन उठली आणि हर्षदला घेऊन गाडीकडं निघाली.

दुपारी तालीम रिकामी होती. मालन उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि तिनं हाक मारली. पुन्हा हाक मारली. मग तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि आत पाऊल टाकलं.

वस्ताद हौद्याच्या काठावर बसले होते. तिला बघून ते धडपडत उठले. "मालन, भाईर हो. मारुती बगायलाय."

"बगू दे की. त्यालाबी कळू दे, त्याचा भगत कशी डबी बदलतोय ते."

वस्ताद पुन्हा काठावर बसले. सांगितलं कुणी, हेही त्यांनी विचारलं नाही. मालन त्यांच्याशेजारी टेकली. मातीला हळदीचा आणि ताकाचा वास होता. आयुष्यभर हा वास तिनं नवऱ्याच्या अंगावरून घेतला होता. तो कुठून येतो ते आज बघितलं.

"मला वाटलं, तगड्या पोराची डबी दिली की रिपोट चोख यील," वस्ताद हळूच म्हणाले. "मग तू घोर करायची न्हाईस."

"आन् मी घोर करायची थांबली की तुमी बरं होणार हुता?"

"माज्या बाचं, आबाचं आठवतंय न्हवं तुला? पोट दुकतंय म्हणून न्हेलं. उघडलं, आत गाठ बगितली, आन् तसंच शिवून घरी धाडलं. मला कळून घ्याचंच न्हवतं, मालन. मला लई भ्या वाटतंय."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती त्यांच्याजवळ सरकली.

"तुमचं पोट कुणी उघडत न्हाई. तोंडातनं नळी हाय, सुतळीयेवढी. पोरगा ठीक हाय, त्याला कायबी झाल्यालं न्हाई. आता तुमचं बगायचं. गाठ निगाली तर गाठीशी भांडू. जंतू निगाला तर जंतूशी. पर कोण हाय त्येच ठावं नसंल, तर मी रोज चुलीफुडं कुणाशी भांडत बसू?"

वस्तादांनी चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली. मग म्हणाले, "चपला घाल. जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी गिळताना वस्तादांनी दोन वॉर्डबॉय आणि एक खुर्ची आडवी केली. नसरीननं त्यांना असं झापलं, की हर्षदनंही खाली मान घातली. शेवटी आतड्याचे चार-पाच कण निघाले. नसरीननं बाकी सगळं थांबवून थोडे लगेच चाळणीत घातले, थोडे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली. मालन बाकावर बसली. यंत्राचा आवाजही येत नव्हता. निदान घरघरतं तरी, असं तिला वाटलं. वस्ताद शेजारी डोळे मिटून होते. झोपलेले नव्हते. त्यांनी तिचं मनगट धरून ठेवलं होतं, आणि चारचौघांत असं धरायचं नसतं हे दोघांनाही आठवलं नाही.

उन्हं कलल्यावर दार उघडलं. नसरीन आल्या, आणि नियमाप्रमाणं त्यांना आत बोलवायच्याऐवजी तिथंच बाकापुढं उकिडव्या बसल्या.

"सापडला, काका. ह्या वेळी तुमचाच."

नसरीननं हातातला कागद उघडला.

"आतड्याची भिंत त्यानं गच्च भरलीय. रंग लावल्यावर पेशी जांभळ्या गर्द दिसल्या. चाळणीनं नाव सांगितलं, आणि मी त्या एकट्याच्या नावानं वेगळी तपासणी लावली, तीही हो म्हणाली. आता शंका नाही."

"गाठ?" मालननं विचारलं.

"गाठ नाही काकू. जेवढं बघितलं तेवढ्यात कुठंच नाही. हा जंतू आहे, आणि तो मरतो. त्याच्या गोळ्या तुमच्या गावातल्या दुकानात मिळतात. मेंदूकडं गेलाय का ते उद्या पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून बघू, पण लक्षणं तशी नाहीत. शहरातल्या सरांना मी फोन केला. ते म्हणाले, बरं झालं थांबलात, सोमवारचं रद्द करा."

वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिनंच तोंड पुसलं. ते रडत होते. मालनला हसू यायला लागलं, आणि ते काही केल्या आवरेना. गेलं वर्षभर छातीवर ठेवलेला वरवंटा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता, आणि एवढं हलकं वाटायची सवय तिला राहिली नव्हती.

"म्या एवढं तूप घातलं ह्यास्नी," ती हसता हसताच म्हणाली. "एवढं बदाम. समदं त्याच्या पायी गेलं म्हणायचं."

"तुमचं तूप चांगलंच होतं काकू. ते आत पोचत नव्हतं, एवढंच. आता काही दिवस तेलतूप कमी ठेवा. आतडं बरं झालं की मग घाला."

वस्तादांना तिथंच भरती केलं. पाठीतलं पाणी स्वच्छ निघालं. शिरेतून औषध सुरू झालं. पहिले दोन-तीन दिवस काहीच वेगळं दिसेना, आणि मालन पुन्हा मनातून हलली. मग हळूहळू पोट ताळ्यावर आलं. एका सकाळी वस्ताद खाटेवरून उतरताना गुडघ्यावर हात ठेवायला विसरले. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. मालनच्या आलं, पण दृष्ट लागू नये म्हणून ती बोलली नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी दवाखान्याचं ताट आलं. पातळ वरण, भात, दुधीची भाजी. वस्तादांनी ते गुमान संपवलं. मालननं स्वतःसाठी घरून बांधून आणलेली फडकी सोडली. दोन भाकरी, झुणका, कांदा.

"त्यात काय हाय?" वस्तादांनी विचारलं.

"झुणका. तुमचं झालंय न्हवं जेवान?"

"झालंय." ते फडक्याकडं बघत राहिले. "पर भूक लागलीया."

मालनचा हात जागच्या जागी राहिला. गेल्या वर्षभरात त्यांनी हा शब्द उच्चारला नव्हता. ती वाढायची आणि ते गिळायचे. तिला बरं वाटावं म्हणून. तिनं दारात जाऊन नसरीनला खुणेनंच विचारलं. नसरीननं लांबून बघितलं, झुणक्यातलं तेल डोळ्यांनीच मोजलं आणि मान हलवली. मालननं फडकी त्यांच्यापुढं सरकवली.

त्यांनी एक भाकरी खाल्ली. मग दुसरी अर्धी. मग बायको समोर बसलीय हे विसरून उरलेली अर्धीही, कांद्यासकट. बोटं चाटली, ढेकर दिला आणि भिंतीकडं तोंड करून घोरायला लागले.

मालन रिकामी फडकी घडी करून उठली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की आपल्यालाही कडकडून भूक लागलीय. समोरच्या हॉटेलात ती आयुष्यात पहिल्यांदाच एकटी जाऊन बसली. तिनं मिसळ मागवली, दोन पाव मागवले, आणखी दोन मागवले. गल्ल्यावरचा म्हातारा मालक तिच्याकडं कौतुकानं बघत होता.

"दवाखान्यात कोण हाय का, भैनी?"

"मालक हायत आमचं."

"लई शिरेस हाय का?"

"छ्या," मालन तोंडातला घास सावरत म्हणाली. "माजं जेवान खाऊन निजल्यात बाबा." आणि हे तिनं कुस्ती मारून आल्यागत ऐटीत सांगितलं.